पुंगळी

बंदूक मागाहून दाखव, म्हटलं,
आधी पुंगळ्या काढ.

अभयसिंह इंगवले गालाला बर्फ लावून बसलेला.
बर्फ समोरच्या रसवंतीतला,
त्याला उसाचा वास.
चष्म्याची उजवी काच तडकलेली.
"गोळीच सडकी हुती, चाचा. जुना माल."
सगळे असंच म्हणतात.
उद्यमनगरात इंजिन बसलं की डिझेल वाईट,
घोडा लंगडला की नाल वाईट.

खिशातून दोन निघाल्या.
तिसरीचं नुसतं बूड.
बाकीचं अंग आतच राहिलं होतं,
पाय निघून आला
आणि वहाण चिखलात अडकली, तसं.

पहिली उचलली, उजेडाकडे धरली.
बुडाच्या जरा वर
एक चकचकीत कडं, केसाएवढं,
अंगठी काढल्यावर बोटावर उरतं तसं.
मग सायकलची तार घेतली,
टोक घासून वाकवलेली, कानकोरण्यासारखी,
आणि आतल्या भिंतीवरून ओढत आणली.
सरळ.
सरळ.
खट्.
बोटाला कळलं ते भिंगाला कळलं नसतं.
आतून खाच पडली होती.
प्रत्येक बाराला पितळ ताणलं जात होतं
आणि तू म्हणतोस परवापर्यंत ठीक होती.
ठीक नव्हती, बाबा. सोसत होती.

मग बोल्ट. ओढला, ढकलला, पाडला.
बंद.
पुंगळीमागे पितळी पत्र्याची चिंधी घातली,
तरी बंद.
आणखी एक घातली. तरी बंद.
तिसरीला कुठे हात अडला.
दार लागलंय, पण कडी ढिली,
वारा आला की हलतं.
आणि इथला वारा कसला असतो
ते तुझ्या गालाला विचार.

"बोल्ट ह्या बंदुकीचा नाही."
"नंबर बघा की! दोन्हीकडं त्योच हाय."

बघितला.
रॉकेलच्या बोळ्यानं पुसून, भिंग लावून.
एकेक आकडा फौजेच्या शिस्तीत उभा.
शेवटचा इंग्रजी सहा मात्र
पोटाला चपटा, शेपटीत आखूड,
आणि त्याच्या खाली कानशीचे ओरखडे.

हा सहा मी ओळखतो.
अक्षरं शिकायच्या आधीपासून.
आब्बांनी पंचांचा संच जुन्या बाजारात घेतला,
त्यात सहा तेवढा टवका उडालेला.
अम्मीच्या परातीवर लग्नाच्या सालात दोनदा तोच,
माझ्या पहिल्या सायकलच्या दांडीवर तोच.

पोर वाट बघत होतं.
शेजारच्या शेडात कुणाचं तरी लेथ
किरकिरत होतं.
तुझा आजा आला असेल एखाद्या संध्याकाळी,
जमा केलेली बंदूक परत मिळाली
आणि बोल्ट चौकीतच कुठं तरी गेला.
भिंतीला टांगायची फक्त, म्हणाला असेल.
नंबर जुळला पाहिजे, एवढंच.
आब्बांनी कुठून तरी एक आणला, बसवला.
फट मोजली नसेल?
मोजली असेल.
तेच टोचतं.

सांगावं की नाही
ह्यात माझी एक विडी गेली.

मग ड्रॉवर ओढला,
तो पंच त्याच्या तळहातावर ठेवला.
त्यानं काही न विचारता
आकड्यावर टेकवला.
बसला.
त्या अख्ख्या बंदुकीत
तेवढंच एक घट्ट बसलं.

बोल्ट फडक्यात गुंडाळून मी ठेवून घेतला.
नळी त्याच्याकडे दिली, काठी म्हणून.
दारात थांबून तो म्हणाला,
"आजवर चाळीस-एक बार काढलं आसतील, चाचा.
मग वाचलो कसा?"

मी तार पुसत होतो.
"चाळीस वेळा पितळामुळं," म्हटलं,
"आणि काल चष्म्यामुळं."

टेबलावर त्याच्या बर्फाचं पाणी.
लोखंडाला लागायच्या आत पुसलं.